उदयसिंह पंचांचं नावडतं शहर

कोल्हापुरात मंगळवार पेठेत येऊन उदयसिंह माने कुठं राहतात असं विचारलंत, तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. उदयसिंह पंच म्हणा, शेंबडं पोरगंही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. बत्तीस वर्षं शाळेत व्यायामशिक्षक आणि त्याहून जास्त वर्षं कुस्तीचे पंच. आधी जत्रेतल्या मातीवर, मग परीक्षा देऊन गादीवर. त्या गादीनं त्यांना पार परदेशात नेलं. एकोणीस शहरं झाली, तीही दुसऱ्याच्या तिकिटावर.

एवढं जग बघून आलेला माणूस गप्प बसेल, तर तो कोल्हापूरचा नव्हे. संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार पेल्यात पडत असताना पंचांचं जग सुरू व्हायचं. मास्तरकी हाडात मुरलेली, म्हणून शहरांना ते मार्क द्यायचे. इस्तंबूलला अठ्ठ्याऐंशी, कारण तिथल्या लोकांना मटण कळतं. बुडापेस्टला ऐंशी. पॅरिसला पस्तीस, काठावर पास, कारण तिथं कॉफी बाळाच्या औषधाएवढी देतात. सगळ्यांत लाडकं उलानबाटर, मंगोलियाचं. पंच्याण्णव मार्क. तिथं उणे बावीसच्या थंडीत पंचांच्या मिशा गोठल्या होत्या, घोडीचं आंबट दूध प्यावं लागलं होतं, आणि यजमान पैलवानाच्या विरुद्ध निकाल दिल्यावर अख्खा हॉल तासभर त्यांच्या नावानं ओरडत होता.

"तरीबी पंच्याण्णव?" कुणीतरी नवखा विचारायचाच.

"निकाल बरोबर हुता की," पंच सांगायचे. "त्या रात्री लहान पोरागत झोपलो मी."

आणि सगळ्यांत नावडतं तिबिलिसी. शून्य मार्क. "पाणी बाधतंय आणि माणसं भांडकुदळ," एवढंच सांगून पंच मिशीवरचा दुधाचा फेस पुसायचे. पुढं कुणी विचारायचं नाही. विचारायचं कशाला? पंचांनी शिट्टी मारली म्हणजे मारली. गल्लीत तर ते गाव शिवी होऊन बसलं होतं. नळाला गढूळ पाणी आलं, की बायका एकमेकींना सांगायच्या, आज तिबिलिसीचं पाणी आलंय, गाळून घ्या.

या एकोणीस शहरांतलं एकही वर्षाराणींनी पाहिलं नव्हतं. वर्षाराणी म्हणजे पंचांची बायको. पंचाला बोलावणं एकट्यालाच यायचं. शिवाय घरी सासूबाईंचं दुखणं, लेकीची परीक्षा, दोन्ही मिळून वर्षातले बारा महिने पुरायचे. पण नवऱ्याचं जग त्यांना तोंडपाठ होतं. कुठल्या गावात ट्राम चालते, कुठल्या गावात पावात मीठ नसतं, सगळं. नवऱ्यानं दिलेले मार्क त्यांनी कधी तपासून बघितले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांना साडी दिली नसेल वेळच्या वेळी, पण थाप कधी मारली नव्हती.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली. लेक अनुजा पुण्यात नोकरी करते. तिनं कुणाला न सांगता आई-आबांची परदेशाची सहल ठरवून टाकली. दोन महिने आधी आईचा पासपोर्ट काढून घेतला, "असावा घरात" म्हणून. त्रेसष्टाव्या वर्षी वर्षाराणी फोटो काढायला स्टुडिओत गेल्या, आणि फोटोवाल्या पोरानं कान दिसू द्या म्हटल्यावर नव्या नवरीसारख्या लाजल्या.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अनुजानं तो लिफाफा आबांच्या पुढ्यात ठेवला. वर जॉर्जिया असं छापलं होतं. आता घरात कायम शहरांची नावं निघायची, देशांची कधीच नाही. त्यामुळं जॉर्जियाची राजधानी कुठली हे बघायचं अनुजाला सुचलंच नव्हतं. डोंगर आहेत, द्राक्षं आहेत, हल्ली सगळं पुणं तिकडं जातंय, एवढं तिला पुरलं होतं; सहलवाल्यांनी दिलेला कागद तिनं उघडलाही नव्हता.

पंचांनी चष्मा लावला, कागद उघडला. चार रात्री तिबिलिसी, असं त्यांनी मोठ्यानं वाचलं, कागदाची होती तशी घडी घातली आणि लिफाफा परत केला.

"मी येणार न्हाय."

अनुजाला वाटलं, आबा चेष्टा करतायत. "अहो आबा, पाण्याचं काय एवढं? बाटल्या घेऊया की."

"त्या गावात मी पाय ठेवणार न्हाय. आन् तुझ्या आईनंबी जाऊ ने."

वर्षाराणी ताटं उचलत होत्या. त्यांनी ताटं परत खाली ठेवली. कुस्ती म्हटल्यावर शिरोळच्या पुरातून ट्रॅक्टरवर उभा राहून गेलेला हा माणूस. उणे बावीसमध्ये गेलेला. आणि बायकोचा एवढ्या वर्षांनी एकदा नंबर लागला, तर याला पाणी बाधतं. त्यांना राग आधी आला आणि रडू मागनं.

"मग मी एकटी जाते," त्या म्हणाल्या.

हे त्या बोलल्या यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. पंचांचाही बसला नाही. शेजारच्या गल्लीतल्या लग्नालासुद्धा एकटी न जाणारी ही बाई.

"खुळी का काय तू? तिथली माणसं..."

"भांडकुदळ हाईत, ठावं हाय मला. मी काय कमी हाय? चाळीस वर्षं पंचाशी भांडलीया."

पंच चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "माणसं चांगली हाईत."

"काय?"

"लई चांगली हाईत. पाणीबी ग्वाड हाय. मी ग्वाड लागणाऱ्या पाण्याला नावं ठिवली इतकी वर्षं."

अनुजा आईकडं बघायला लागली आणि आई नवऱ्याकडं. नवऱ्याच्या तोंडून वर्षाराणींनी पकडलेलं हे पहिलं खोटं, आणि ते एका परमुलखातल्या पाण्याबद्दल होतं. हसावं की घाबरावं ते त्यांना कळेना. पंचांनी मग पाय वर घेऊन मांडी घातली आणि सांगायला सुरुवात केली. दूधकट्ट्यावर सांगायचे तसं नाही. हजेरी घेताना वाचतात तसं, खालच्या आवाजात.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिबिलिसीत कुमारांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. उपांत्य फेरीच्या एका कुस्तीला उदयसिंह गादीवर पंच. एक पोरगा कझाकस्तानचा, दुसरा तिथलाच, सतरा वर्षांचा लेवान. लेवान गुणांवर पुढं होता आणि शेवटचं मिनिट चालू होतं. तेवढ्यात कझाक पोरानं त्याला उचलून टाकला. लेवानची पाठ गादीला टेकली.

आता इथं मातीची सवय आडवी आली. आपल्या जत्रेत पाठ टेकली की कुस्ती संपली. हलगी कडाडते, फेटे उडतात, पंचानं शिट्टी मारायच्या आधी पब्लिकचा निकाल लागलेला असतो. गादीवर तसं नसतं. दोन्ही खांदे गादीला दाबून धरावे लागतात, पंचानं ते डोळ्यांनी नीट बघायचं, समोर बसलेल्या मुख्य पंचाची मान हलली की मगच गादीवर हात आपटून शिट्टी मारायची. उदयसिंहांना हे झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण लहानपणापासून जत्रेत वाढलेला हात. पाठ टेकली आणि शिट्टी वाजली.

"शिट्टी वाजली तसं त्या पोरानं अंग सैल सोडलं," पंच म्हणाले. "आन् मग त्याचं दोन्ही खांदं खाली गेलं. शिट्टीच्या मागनं. आधी न्हाय."

"मग चूक झाली म्हणायचं," अनुजा म्हणाली. "चूक कुणाची होत नाही, आबा?"

"नुसत्या चुकीचं न्हाय गं पोरी. मुख्य पंच बसलेला त्या बाजूनं कझाक पोराची पाठ हुती, त्याला काय दिसलं न्हाय. त्यानं मला बोलवून इचारलं, नक्की का? आन् मला कळलं हुतं. तवाच कळलं हुतं. सगळा हॉल माझ्याकडं बघालता. मनात म्हणलं, आता न्हाय म्हणलं तर पुन्यांदा कोण बोलवणार कोल्हापूरच्या पंचाला? आन् मी व्हय म्हणलं."

बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न अडकला होता, तो वाजत राहिला. त्या काळी अशा स्पर्धांत कुस्ती व्हिडिओवर पुन्हा चालवून बघायची सोय नव्हती. लेवान हरला. तो जिंकला असता तर पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. तो गेला नाही, आणि नंतरही कुठं त्याचं नाव आलं नाही. पंच दरवर्षी स्पर्धांच्या याद्या बघायचे.

"एवढ्यावर न्हाय भागलं," पंच म्हणाले. "त्याचा बाप, गिवी त्याचं नाव. सोताबी पैलवान, पोराचा वस्ताद. गादीच्या कडंलाच हुता. म्हणलं आता हा मला धरून बडवणार. बडवायला पायजे हुतं. तर त्यानं मला हात धरून घरला न्हेलं. पावणा आमच्या गावातनं उपाशी जात न्हाय म्हणाला. मटणातला चांगला चांगला तुकडा माझ्या ताटात. पोरगं समोर बसलेलं, डोळं सुजलेलं. आन् बापानं पेला उचलला, म्हणाला, ज्याची नजर साफ हाय त्या पंचाच्या नावानं." त्यांनी बायकोकडं बघितलं. "मी जेवलो, वर्षा. सगळं जेवलो. ताटात टाकायची लाज वाटली."

अनुजाला आबांच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं. वर्षाराणींना मात्र वेगळंच आठवत होतं. त्यांच्या माहेरच्या जत्रेत याच माणसानं त्यांच्या सख्ख्या भावाच्या, हंबीररावाच्या, विरुद्ध निकाल दिला होता. भर गावात, पाहुण्यारावळ्यांसमोर. हंबीरराव चार वर्षं भाऊबीजेला आला नाही. चार दिवाळ्या वर्षाराणींनी ओवाळणीचं ताट तयार करून तसंच देव्हाऱ्यापुढं ठेवलं. आणि तरी मनातून त्यांना नवऱ्याचा अभिमानच होता. खरं ते खरं, असं त्या माहेरच्यांना तोंड वर करून सांगत आल्या होत्या.

"माझा भाऊ घालवलासा चार वर्षं," त्या म्हणाल्या, "खऱ्यापायी. आन् तिकडं परक्या मुलखात कोण तुमचं सोयरं नव्हतं, कोण रुसणार नव्हतं, तिथं खोटं बोललासा?"

पंचांनी मान हलवली. त्यांना वकील नको होता.

"गाव वाईट न्हाय," ते म्हणाले. "त्या गावात मी वाईट."

मग ते उठून कपाटाकडं गेले आणि जुन्या पासपोर्टच्या पाकिटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून आणलं. गिवीनं निघताना दिलेलं. त्याच्या तालमीचं नाव, पत्ता. बावीस वर्षांत त्यांनी ते फेकलंही नव्हतं आणि त्यावर दोन ओळीही पाठवल्या नव्हत्या. अनुजानं ते हातात घेतलं आणि फोनवर बोटं चालवली. आबांच्या बावीस वर्षांना तिला दहा मिनिटं लागली. तालीम अजून होती. लेवान तीच तालीम चालवत होता. तिनं इंग्रजीत निरोप टाकला: भारतातले पंच उदयसिंह माने आपल्याशी बोलू इच्छितात. तासाभरात उत्तर आलं, आता करा.

"आत्ता?" पंचांचा आवाज फाटला. उणे बावीसला न डरलेला माणूस उठून मोरीत गेला, तोंड धुतलं, भांग पाडला, धुतलेला सदरा घालून खुर्चीत ताठ बसला. वर्षाराणी शेजारी बसल्या. राग तसाच होता, पण त्यांना एकट्याला बसू द्यायचं कसं?

अनुजानं व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर एक थोराड, टकलू माणूस आला. कान पैलवानाचे, चुरगळलेले. मागं पोरं गादीवर भिडली होती. त्यानं पंचांकडं क्षणभर निरखून बघितलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "रेफ्री इंडिया." मग खूप हसला. अनुजा त्याचं बोलणं मराठीत सांगत गेली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आई आहे. वडिलांना तुमची आठवण होती.

"म्हणतोय, कुस्ती झाल्यावर मी सहा महिने तालमीत आलो नव्हतो," अनुजा सांगत होती. "तेव्हा वडील रोज सांगायचे, तो हिंदुस्थानी पंच बरोबर होता. मी कडेलाच होतो. तुझी पाठ टेकली होती. रडू नको, कामाला लाग. मरेपर्यंत हेच सांगत होते म्हणतोय."

हे सांगताना अनुजाचा चेहरा खुलला. वर्षाराणींनाही वाटलं, सुटलो बाई. बापानंच निकाल लावून टाकला होता. पोराच्या मनात काही नाही, आता हसून दोन शब्द बोलायचे, बॅगा भरायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी टेबलाखालून नवऱ्याचा गुडघा दाबला, गप्प बसा म्हणून.

पंचांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"अनुजा, सांग त्याला. खांदं दाबलं गेलं नव्हतं. मी घाई केली. आन् इचारलं तवा मला ठावं हुतं."

"आबा, कशाला? त्याचे वडील..."

"सांग."

अनुजा सांगेना. तिनं मान फिरवली. तेव्हा पंच फोनच्या जवळ वाकले आणि गादीवर शिकलेल्या तुटपुंज्या इंग्रजीत स्वतःच म्हणाले, "लेवान. नो फॉल. माय मिस्टेक. देन आय लाय. आय नो, अँड आय लाय."

पलीकडं हसू थांबलं. तो माणूस जवळ आला, इतका की पडद्यावर नुसते डोळे आणि कपाळ राहिलं. त्यानं काहीतरी विचारलं. अनुजानं फार हळू सांगितलं, "म्हणतोय, म्हणजे माझे वडील माझ्याशी खोटं बोलले?"

"येस," पंच म्हणाले.

पडदा काळा झाला.

वर्षाराणींना वाटलं, लाइट गेली. मग कळलं की त्यानं फोन ठेवलाय. मेलेल्या बापाचा शब्द या माणसानं लेकासमोर उताणा पाडला होता, आणि तोही रविवारच्या दिवशी, स्वतःच्या घरात खुर्चीवर बसून.

"काय मिळवलासा?" त्या म्हणाल्या. "तुमचं ओझं उतरलं, त्याच्या डोक्यावर गेलं. बापाची राख झाली हुती, तिच्यात हात घातलासा."

पंचांनी खुर्चीत अंग आखडून घेतलं. वर्षाराणींनी या माणसाला हरलेल्या पैलवानांची समजूत काढताना बघितलं होतं, त्याला स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. त्या चिडलेल्या होत्या, आणि तरी त्यांनी पंख्याचा वेग कमी केला, कारण त्याला थंडी वाजत होती. अनुजा गॅलरीत जाऊन सहलवाल्यांना काय सांगायचं याचा विचार करत उभी राहिली.

पाऊण तास गेला. मग अनुजाचा फोन वाजला, निरोपाचा. तिनं आधी एकटीनं वाचला आणि आत येऊन आबांच्या समोर जमिनीवरच बसली.

"त्याचं आलंय," ती म्हणाली. "वाचते." आणि एकेक ओळ मराठीत करत ती वाचायला लागली.

"मुलांचा सराव चालू होता, त्यांच्यापुढं मला रडायचं नव्हतं म्हणून फोन ठेवला. पंच, पाठ माझी होती. ती दाबली गेली की नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. वडिलांनाही कळलं होतं. मी कुस्ती सोडू नये म्हणून ते खोटं बोलले, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ते खरं मानलं. तेरा वर्षं आम्ही दोघं एकमेकांपुढं ते सांभाळत आलो. ते गेल्यावर खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो, असं वाटत होतं. तुम्हालाही माहीत होतं, हे आज कळलं. आता आपण दोघं आहोत. कधी येताय? आई अजून स्वयंपाक करते."

पंचांनी तो परत वाचायला लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ते रडायला लागले, तोंडावर टॉवेल न धरता, सरळ, लेकीसमोर. वर्षाराणींनी त्यांना रडू दिलं. हंबीररावाच्या चार दिवाळ्या त्या विसरल्या नव्हत्या आणि आजही विसरणार नव्हत्या, ते भांडण निवांत करायचं होतं. त्या उठल्या, खाली पडलेला लिफाफा उचलला आणि तारखा बघायला खिडकीपाशी नेला.

"दोघांचं स्वेटर घे," मागून पंच म्हणाले. "सकाळी गारठा असतोय तिथं."